मी रोबोट नाही

रुग्णालयाच्या वेबसाइटवर चौकशीचा फॉर्म भरताना शेवटी एक छोटा चौकोन येतो. आपण रोबोट नाही, हे त्यावर टिचकी मारून सांगावे लागते. कधी वेडीवाकडी अक्षरे ओळखायची असतात, तर कधी नऊ चित्रांतून ट्रॅफिक सिग्नल शोधायचे असतात. आजारी माणसाला, किंवा त्याच्यासाठी घाईघाईने फॉर्म भरणाऱ्या मुलाला, हा सारा प्रकार वैताग आणतो. पण तो चौकोन काढून टाकला तर काय होते, हे वेबसाइट सांभाळणाऱ्यांना ठाऊक असते. काही दिवसांतच संदेशांचा पूर येतो. स्वस्त औषधे, झटपट कर्ज, जुगार, वेबसाइट पहिल्या क्रमांकावर आणून देण्याची हमी, असा सगळा कचरा त्यात असतो. हे संदेश कोणी बसून लिहीत नाही. बॉट नावाचे प्रोग्रॅम एकामागून एक वेबसाइट धुंडाळतात आणि फॉर्म दिसला की रकाने भरून पाठवून देतात. पाठवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असल्यामुळे हजारो-लाखो संदेशांमागे एखादा जरी फसला, तरी धंदा फायद्यात राहतो. या ढिगाऱ्यात एखाद्या रुग्णाचा खरा संदेशही दबलेला असू शकतो.

समोर माणूस आहे की यंत्र, हे केवळ त्याने लिहिलेल्या मजकुरावरून ओळखता येईल का? इंटरनेटचा पत्ताही नव्हता, तेव्हा १९५० साली अ‍ॅलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने या प्रश्नाची नीट मांडणी केली. त्या चौकोनाला तंत्रज्ञ कॅप्चा म्हणतात. या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतला पहिला ‘टी’ ट्युरिंग यांच्या आडनावाचा आहे.

ट्युरिंग कुटुंबाचा भारताशी जवळचा संबंध होता. वडील ज्युलियस मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई ईथेल सारा यांचा जन्म कोइंबतूरजवळच्या पोदनूरचा, आणि त्यांचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. अ‍ॅलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. मुलांनी इंग्लंडमध्येच वाढावे असे आईवडिलांना वाटत होते. त्यामुळे अ‍ॅलन आणि त्याचा थोरला भाऊ यांना समुद्रकिनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज परिसरात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवून ते भारतात परतले. आईवडिलांची भेट व्हायची ती रजेच्या काळात.

तेराव्या वर्षी शेरबोर्नच्या शाळेत त्याचे नाव घातले. सत्र सुरू होण्याच्या सुमारास, मे १९२६ मध्ये, इंग्लंडभर सार्वत्रिक संप झाला आणि रेल्वे बंद पडली. हा मुलगा साउदॅम्प्टनहून सायकलवर निघाला. वाटेत एका खाणावळीत रात्र काढून सुमारे १०० किलोमीटर अंतर कापत तो शाळेत पोहोचला. भाषा आणि इतिहास यांत त्याचे फारसे मन रमत नसे. गणितात मात्र तो स्वतःच्या रीतीने गणिते सोडवी आणि शिक्षकांची पंचाईत करी.

याच शाळेत त्याला ख्रिस्तोफर मॉर्कम हा मित्र भेटला. दोघांनाही विज्ञानाचे आणि ताऱ्यांचे वेड होते. फेब्रुवारी १९३० मध्ये मॉर्कम क्षयाने गेला. हा क्षय त्याला लहानपणी गाईच्या दूषित दुधातून जडला होता. दूध नीट तापवले असते, तर त्यातले जंतू मेले असते. त्या काळी इंग्लंडमध्ये या आजाराने अनेक मुले दगावत. मित्राच्या मृत्यूने अ‍ॅलन हादरला. पुढे कित्येक वर्षे तो मॉर्कमच्या आईला पत्रे लिहीत राहिला. शरीर संपल्यावर मनाचे काय होते, मन हे शरीराशी कसे जोडलेले असते, असे प्रश्न त्या काळात त्याला छळत होते. मन म्हणजे काय, हा विषय पुढे त्याच्या गणितातही शिरला.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये शिकून वयाच्या बाविसाव्या वर्षी ट्युरिंग तिथले फेलो झाले. १९३६ मध्ये त्यांनी एका काल्पनिक यंत्राचे वर्णन करणारा निबंध लिहिला. हे यंत्र लांबलचक पट्टीवरचे एक चिन्ह वाचते, हवे तर पुसते, नवे लिहिते आणि पट्टी एक घर पुढे-मागे सरकवते. एवढ्या साध्या कृतींतून कोणतीही गणनप्रक्रिया करता येईल, आणि सूचना बदलल्या की एकच यंत्र कोणतेही काम करील, हे त्यांनी सिद्ध केले. आजचा संगणक आणि मोबाइल या कल्पनेवर उभे आहेत. फॉर्म भरणारा बॉट आणि त्याला अडवणारी चाळणी, दोन्हीही त्याच यंत्राला दिलेल्या वेगवेगळ्या सूचना आहेत.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ४ सप्टेंबर १९३९ रोजी ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात रुजू झाले. जर्मन सैन्य एनिग्मा यंत्राने संदेश सांकेतिक करून पाठवत असे. पोलंडच्या गणितज्ञांनी युद्धापूर्वीच या यंत्राचा बराचसा उलगडा केला होता. त्याच्या पुढे जाऊन ट्युरिंग यांनी बॉम्ब नावाच्या शोधयंत्राची रचना केली, तर गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात मोठी सुधारणा केली. अटलांटिकमध्ये मालवाहू जहाजे बुडवणाऱ्या जर्मन पाणबुड्यांचे संदेश फोडण्याचे काम ट्युरिंग यांच्या गटाकडे होते. या काळातल्या त्यांच्या तऱ्हा प्रसिद्ध आहेत. त्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी होती. जूनमध्ये शिंकांनी हैराण होऊ नये म्हणून ते चक्क विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा घालून सायकलवरून कामाला जात.

नौदलाच्या एनिग्मात चाकांच्या ३३६ मांडण्या शक्य होत्या. प्रत्येक मांडणी तपासायला यंत्रांचा वेळ पुरत नव्हता. ट्युरिंग यांनी त्यावर पुराव्याचे वजन मोजण्याची पद्धत काढली. दोन संदेश छिद्रे पाडलेल्या लांब कागदांवर उतरवून एकावर एक सरकवायचे आणि किती ठिकाणी अक्षरे जुळतात ते पाहायचे. प्रत्येक जुळणी अंदाजाच्या बाजूने थोडे वजन टाकते, प्रत्येक विसंगती थोडे काढून घेते. हे कागद बॅनबरी गावात छापले जात, म्हणून वजनाच्या एककाला बॅन हे नाव पडले. त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबॅन. माणसाच्या मनाला पुराव्यातला जो लहानात लहान फरक जाणवतो, तो साधारण एवढा, असा त्यांचा हिशेब होता. पुरेसे वजन जमले की पुढची मोजणी थांबवायची आणि निर्णय घ्यायचा. या पद्धतीने बऱ्याच मांडण्या आधीच बाद होत आणि यंत्रांचा मोलाचा वेळ वाचे.

डॉक्टरही निदान करताना याच रीतीने चालतो. नुसता खोकला म्हणजे क्षय नव्हे. पण खोकला तीन आठवडे टिकला, संध्याकाळी कसकस येते, वजन उतरते आहे आणि घरात कोणाला क्षय होता, असे कळत गेले की पारडे झुकत जाते. थुंकीची तपासणी त्यात मोठे वजन टाकते. यामागचे सूत्र अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखले जाते. ई-मेलमधला कचरा निवडायला १९९८ च्या सुमारास संशोधकांनी हेच सूत्र वापरले, आणि २००२ मध्ये प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांच्या लेखानंतर ते घरोघरच्या मेलपेटीत पोहोचले. चौकशीच्या फॉर्मवरही तेच चालते. मजकुरात चार-पाच लिंक आहेत, एकाच पत्त्यावरून तासात पन्नास संदेश आले आहेत, भाषा भलतीच आहे, या प्रत्येक खुणेचे थोडे वजन स्पॅमच्या बाजूला पडते. विभागाचे नाव, तपासणीची तारीख, गावाचे नाव असा मजकूर असेल तर वजन उलट बाजूला पडते. एका खुणेवर कोणालाही दोषी ठरवायचे नाही, सगळ्यांची बेरीज पाहायची.

युद्धानंतर ट्युरिंग यांनी राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत संगणकाचा आराखडा तयार केला आणि १९४८ मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात गेले. ते उत्तम धावपटूही होते. १९४७ मध्ये त्यांनी मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली होती. १९५० मध्ये ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात त्यांचा गाजलेला निबंध आला. यंत्र विचार करू शकते का, या संदिग्ध प्रश्नाऐवजी त्यांनी एक खेळ सुचवला. परीक्षक एका खोलीत बसेल. दुसरीकडे एक माणूस आणि एक यंत्र असेल. फक्त टाइप केलेली प्रश्नोत्तरे होतील आणि परीक्षकाने माणूस कोणता ते ओळखायचे. दिसणे, आवाज, अंगकाठी यांना काही किंमत नाही. समोरचा वागतो कसा, एवढेच पाहायचे.

त्या निबंधातले एक उदाहरण आज वाचताना गंमत वाटते. यंत्राला ३४९५७ आणि ७०७६४ यांची बेरीज विचारली जाते. ते सुमारे ३० सेकंद थांबते आणि १०५६२१ हे उत्तर देते. खरे उत्तर १०५७२१ आहे. माणूस वाटावे म्हणून यंत्र उशीर लावील आणि शंभराची चूकही करील, असे हे उदाहरण पाहून वाटते. आज फॉर्मवरचे बॉट तेच करतात. माणसाला नाव, फोन नंबर आणि तक्रार लिहायला निदान अर्धा मिनिट लागतो, बॉट एका सेकंदात सगळे भरतो. म्हणून वेळ मोजणाऱ्या चाळण्या आल्या. मग हुशार बॉट मुद्दाम थांबायला शिकले.

ट्युरिंग यांच्या खेळात परीक्षक माणूस होता. इंटरनेट आले आणि बाजू उलटली. १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राकडे वेबसाइटची नावे नोंदवण्याचा फॉर्म होता. बॉटनी तो कचऱ्याने भरून टाकला, तेव्हा तिथल्या अभियंत्यांनी वाकडीतिकडी अक्षरे दाखवून ती ओळखायला लावण्याची युक्ती काढली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातले लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांचे सहकारी यांनी अशा चाचण्यांचा पद्धतशीर अभ्यास करून त्यांना कॅप्चा हे नाव दिले. आता परीक्षक यंत्र झाले आणि परीक्षा माणसाची सुरू झाली.

ही परीक्षा सगळ्यांना सारखी सोपी नसते. मोतीबिंदू झालेल्या आजींना धूसर चित्रातला झेब्रा क्रॉसिंग दिसत नाही. कंपवाताच्या रुग्णाला बोट नेमके चौकोनावर ठेवता येत नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरते, त्याला चित्र वाचता येत नाही. दुसरीकडे यंत्रे अक्षरे ओळखण्यात माणसाइतकीच तरबेज झाली आहेत, आणि जिथे अडते तिथे थोड्याशा पैशांत माणसांकडून कोडी सोडवून घेतली जातात. म्हणजे चोर सुटतो आणि ताप साध्या माणसाला होतो.

यावर उपाय आहेत आणि ते ट्युरिंग यांच्या विचाराला धरून आहेत. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक जादा रकाना ठेवतात. माणूस तो भरत नाही, दिसेल तो रकाना भरत सुटणारा बॉट मात्र हमखास अडकतो. पडदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरपासूनही हा रकाना लपवावा लागतो, नाहीतर दृष्टिहीन माणूसच त्यात सापडतो. एका पत्त्यावरून ठरावीक वेळात किती संदेश घ्यायचे, यावर मर्यादा घालतात. फॉर्म भरणाऱ्याला आपोआप जाणाऱ्या पोचपावतीत त्याचा मजकूर परत पाठवत नाहीत. कारण बॉट तिथे भलत्याचाच ई-मेल घालतात आणि रुग्णालयाच्या नावाने तिसऱ्यालाच जाहिरात पोहोचते. यातल्या एकाही उपायात खऱ्या माणसाला काही सिद्ध करावे लागत नाही. कोडे विचारायचेच असेल, तर ते संशय बळावल्यावर शेवटी विचारावे.

तरीही कोणतीही चाळणी चुकतेच. समजा, एका फॉर्मवर १००० संदेश आले, त्यातले ९५० स्पॅम आणि ५० खरे आहेत. चाळणी १०० पैकी ९८ स्पॅम पकडते आणि १०० खऱ्यांपैकी २ चुकून अडवते. मग ९३१ स्पॅम अडतील, १९ निसटतील आणि एक खरा संदेश कचऱ्यात जाईल. निसटलेले १९ पुसायला कारकुनाला मिनिटभर पुरते. अडलेला तो एक मात्र औषधाने अंगावर पुरळ उठल्याचे कळवणाऱ्या रुग्णाचा असू शकतो. दोन चुकांची किंमत सारखी नसते, हे डॉक्टरांना रोजच्या तपासण्यांतून ठाऊक असते. खऱ्या माणसालाच गुन्हेगाराच्या रांगेत उभे केले तर काय होते, हे ट्युरिंग यांच्या शेवटच्या वर्षांतून दिसते.

जानेवारी १९५२ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली. ते पोलिसांकडे तक्रार घेऊन गेले. तपासात त्यांचे एका तरुणाशी समलिंगी संबंध असल्याचे पुढे आले आणि त्यांनी ते नाकारले नाही. इंग्लंडच्या १८८५ च्या कायद्याने तो गुन्हा होता. तक्रारदार आरोपी झाला. त्यांचे युद्धातले काम सरकारी गुपित असल्याने कोर्टात त्याबद्दल बोलणेही शक्य नव्हते. ३१ मार्च १९५२ रोजी ते दोषी ठरले. तुरुंग किंवा हार्मोनचे उपचार, असे दोन पर्याय त्यांच्यापुढे होते. त्यांनी उपचार पत्करले.

वर्षभर त्यांना स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्रीहार्मोन देण्यात आले. प्रोस्टेटच्या कर्करोगात हे औषध वापरले जात असे, तिथे त्याला अर्थ होता. ट्युरिंग यांना कोणताही आजार नव्हता. औषधाने त्यांना नपुंसकत्व आले आणि छाती वाढली. गुप्त कामाची परवानगी काढून घेतली गेली. त्याच वर्षी, प्राण्यांच्या अंगावरचे पट्टे आणि ठिपके रासायनिक क्रियांतून कसे उमटू शकतात, हे सांगणारा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. वाढीच्या जीवशास्त्रात आजही त्याचा आधार घेतला जातो. ७ जून १९५४ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, विषबाधेने त्यांचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला, तर तो अपघात होता, असे त्यांच्या आईला वाटत राहिले.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये जाहीर माफी मागितली आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्यांना मरणोत्तर राजमाफी मिळाली. २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. समलिंगी व्यक्तीला बदलण्यासाठी केलेले तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवले.

रुग्णालयांनी आणि दवाखान्यांनी ट्युरिंग यांच्या आयुष्यातून एक साधा नियम घ्यायला हरकत नाही. चाळणीने अडवलेले संदेश लगेच पुसू नयेत, वेगळ्या पेटीत ठेवावेत आणि रोज एकदा माणसाने ते डोळ्यांखालून घालावेत. फॉर्मच्या वरच ठळक फोन नंबर द्यावा, म्हणजे ज्याला कोडे सुटत नाही त्याला दुसरा रस्ता राहतो. संशयास्पद संदेशातली लिंक कर्मचाऱ्यांनी उघडू नये आणि त्याला उत्तरही देऊ नये.

रुग्णांनीही एवढे लक्षात ठेवावे. फॉर्म भरून दिवसभरात उत्तर आले नाही, तर आपला संदेश चुकून अडला असेल असे धरून फोन करावा. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलताना अचानक जीभ अडखळणे, चेहरा किंवा हात लुळा पडणे, यांसाठी फॉर्म भरत बसूच नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट रुग्णालय गाठावे.